माझे हात, कालावधी बारा मिनिटं

३ जून

धाकटे,

देव तुला सुखात ठेवो. इथे त्याच्या दयेने दिवस निघताहेत.

तू म्हणालीस, "वहिनी, फोनवर तू 'बरं आहे, ठीक आहे' यापलीकडे बोलत नाहीस, त्यापेक्षा पत्र लिही." म्हणून लिहायला बसले. मॅट्रिक झाल्यापासून अर्ज आणि याद्या सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे.

आईंना अंथरुणाला खिळून या महिन्यात दोन वर्षं झाली. हिवाळ्यात तू नऊ दिवस कॅमेरा घेऊन आलीस तेव्हा होत्या तशाच आहेत, फक्त डावा हात आणखी आखडलाय. दर दोन तासांनी मी त्यांची कूस बदलते. युक्ती तू पाहिलीसच. खाली आडवी चादर, तिची कड मुठीत, गुडघा पलंगाला टेकवायचा आणि एका दमात ओढायचं. थांबत थांबत ओढलं तर त्यांना दुखतं. वेळ वहीत मांडते. सहा डावी, आठ उजवी, दहा पाठ. तुझे दादा हसतात. म्हणतात, "तू काय स्टेशनमास्तर आहेस का?" पण वही नसती तर पाठीची चाळण झाली असती. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई पाठ बघून म्हणाल्या, "एक फोड नाही. नर्स कुठून आणलीत?" मी म्हटलं, "घरचीच आहे, फुकटची."

त्या नऊ दिवसांत तू नुसते माझे हातच का घेत होतीस ते मला अजून कळलेलं नाही. मी रोज वेणी नीट घालून यायचे आणि तू म्हणायचीस, "चेहरा नको गं, हात." असो, तुझं शास्त्र तुला ठाऊक.

सिनेमा कुठेकुठे पाठवलास? हे म्हणाले, पाठवायलाही फी लागते. निवड व्हायच्या आधीच फी? हे अजब आहे.

वहिनी

१९ जून

वहिनी गं,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू इतकं छान लिहितेस आणि आजवर याद्यांवर वाया घालवलंस!

हो, आधी फी. परीक्षेसारखंच आहे, फक्त इथे नापास का झालो ते कोणी सांगत नाही. आम्ही चौघीजणी कॉलेजच्या संगणकखोलीत ओळीने बसून अर्ज भरतो. प्रत्येक महोत्सवाचा नियम निराळा. एकाला बारा मिनिटांच्या आतला हवा, एकाला आधी कुठेच न दाखवलेला, एकाला विद्यार्थी असल्याचं शिक्क्याचं पत्र हवं. आणि सगळ्यांना हवं 'दिग्दर्शकाचं मनोगत'. हा सिनेमा दुसऱ्या कोणी नाही, तुम्हीच का करायला हवा, ते तीनशे शब्दांत सांगा. तिथे आम्ही सगळ्या पेन चावत बसतो.

नऊ ठिकाणी पाठवला. पाच नकार आले. पाचही जणांची भाषा एकच, यंदा विक्रमी प्रवेशिका आल्या, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खोलीतली मैत्रीण म्हणते, "शुभेच्छांची गोधडी शिव आता."

सर म्हणाले, चित्रं सुंदर आहेत, पण हे हात कोणाचे ते कळत नाही. आतून कोणी बोलत नाही. मी तीन रात्री झोपले नाही. हे शेवटचं वर्ष आहे, वहिनी. विद्यार्थी गटात पुढच्या वर्षी मला जागा नाही, आणि एकाही महोत्सवात नाव लागलं नाही तर पुढच्या सिनेमाला अनुदान कोण देणार?

ते जाऊ दे. तू लिहीत जा. आई काय बोलते, तुला काय वाटतं, बारीकसारीक सगळं लिही. घरची फार आठवण येते.

तुझी धाकटी

४ जुलै

धाकटे,

देवाने तुला धीर द्यावा. नकार मनाला लावून घेऊ नकोस. आठवण येते म्हणालीस, ते वाचून मला भरून आलं. म्हणून आज निवांत बसून लिहिते. आई झोपल्यात, चारपर्यंत उठायच्या नाहीत.

खाणं आता सगळं चमच्याने. हनुवटी जरा खाली धरायची, म्हणजे ठसका लागत नाही. गिळलं की घशावरून दोन बोटं फिरवून बघायचं. एका वाटीला पाऊण तास लागतो. घाई केली की त्या तोंड मिटतात, आणि मग देव आला तरी उघडत नाहीत.

एक नवीन झालंय. त्या मला 'धाकटे' म्हणून हाक मारतात. पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, मी सून." तर घाबरल्या. म्हणाल्या, "सून कुठली? माझ्या मुलाचं लग्न कधी झालं?" दुसऱ्या वेळी मी मुकाट्याने ओ दिली.

आता जे लिहिते ते आजवर कोणाला बोलले नाही. या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली. आई वाईट नव्हत्या, पण त्यांनी मला कधी जवळ घेतलं नाही. जेवलीस का, एवढं विचारलं असेल दोनचारदा. आणि आता चमचा तोंडाशी नेला की आधी उजवा हात उचलतात, माझ्या गालावरून फिरवतात, म्हणतात, "किती वाळलीस गं, धाकटे." मी गप्प बसून घेते. दुसऱ्याच्या नावावर आलेलं टपाल फोडून वाचावं तसं वाटतं. देवापुढे रोज माफी मागते आणि रोज पुन्हा गाल पुढे करते.

हे तुझ्यापाशीच राहू दे. तुझ्या वाटणीचं होतं, म्हणून तुला सांगितलं.

वहिनी

१२ ऑगस्ट

वहिनी, वहिनी, वहिनी!

निवड झाली! मोठा महोत्सव आहे, वीस सप्टेंबरला माझा सिनेमा पडद्यावर लागणार. 'स्वानुभव' म्हणून एक गट असतो, दिग्दर्शकाने स्वतः जगलेलं दाखवायचं, त्यात घेतलाय. मी सगळं पुन्हा कापलं, जुळवलं, माझ्या आवाजात निवेदन घातलं. सरांनी तो दोनदा लावून पाहिला. मग म्हणाले, "आता हात बोलायला लागले." मैत्रिणीने मला उचलून गोल फिरवलं, आणि नंतर कंबर धरून बसली!

आणखी एक. या महोत्सवात गाजलेल्या मुलांना पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी अनुदान देणारी एक संस्था आहे, त्यांची माणसं बघायला येतात.

सोबत एक फॉर्म पाठवलाय. ज्याचं जे काही पडद्यावर दिसतं त्याची संमती लागते. तुझे फक्त हात आहेत, पण नियम म्हणजे नियम. तिसऱ्या पानावर खूण केली आहे तिथे सही कर. बाकी कागद नुसते जोडावे लागतात म्हणून जोडलेत, वाचायची तसदी घेऊ नकोस. दहा सप्टेंबरच्या आत पोचायला हवा.

आईला माझा पापा दे.

धाकटी

२० ऑगस्ट

धाकटे,

देव साक्षीला आहे, तुझी बातमी वाचून मी आधी त्याच्यापुढे डोकं टेकलं आणि मग फॉर्म उघडला.

मी दूधवाल्याच्या पावतीवरही न वाचता सही करत नाही, हे तू विसरलीस. पहिल्या पानावर सिनेमाचं नाव होतं, 'माझे हात', कालावधी बारा मिनिटं. त्याखाली तुझं मनोगत. त्यामागे निवेदनाची यादी, कितव्या मिनिटाला काय बोललं जातं त्याची. वाचायला चष्मा लावला आणि लावल्याचा पश्चात्ताप झाला.

दुसरं मिनिट. "दोन वर्षं मी दर दोन तासांनी आईची कूस बदलते आहे."

पाचवं मिनिट. "सहा डावी, आठ उजवी, दहा पाठ. मी घरातली स्टेशनमास्तर."

नववं मिनिट. "आई मला ओळखत नाही. मी तिची मुलगी, पण ती मला वहिनी समजते. सुनेच्या नावाची माया मी गालावर घेते. दुसऱ्याचं टपाल फोडून वाचावं तसं वाटतं."

हे वाक्य मी कुठे लिहिलं होतं, कोणाला लिहिलं होतं आणि खाली काय बजावलं होतं, ते तुला आठवत असेल. तू ते नुसतं घेतलं नाहीस, उलटं करून घेतलंस. जे मला आयुष्यात एकदा मिळालं, ते पण तुझं नाव धरून मिळालं, तेवढंही माझ्याकडे ठेवलं नाहीस. आणि आईंनी सुनेला माया लावली, असं जगाला सांगितलंस! ती लावली असती तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तिसऱ्या पानावर लिहिलंय, "काही दृश्यांत दिग्दर्शिकेच्या हातांऐवजी माझे हात वापरले असून चित्रपटातील मजकुराशी माझा संबंध नाही." संबंध नाही!

माझ्या वहीत दोन वर्षांचा एक न एक दिवस आहे. त्यात तुझे नऊ. त्या नऊ दिवसांत तू आईंना एकदा पाणी पाजलंस, तेही आडवं झोपलेल्या असताना, आणि केवढा ठसका लागला होता.

मला बक्षीस नको, फोटो नको. निवेदन खरं कर. 'माझी वहिनी' म्हण, 'मी' म्हणू नकोस. त्याच दिवशी सही करून पाठवते.

वहिनी

२७ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं.

सिनेमातली 'मी' म्हणजे रस्त्यावर चालणारी मी नसते, हे तुम्हाला कसं समजावू? 'माझी वहिनी' म्हटलं की सिनेमा 'स्वानुभव' गटातून बाद. दुसऱ्या गटाची मुदत गेली. म्हणजे निवडही गेली, अनुदानही गेलं. चार वर्षं मी इथे काय खाऊन, कोणाच्या खोलीत जमिनीवर झोपून काढली, ते तुमच्या वहीत नाही.

वहीत आणखी एक नाही. तुम्ही घरात आलात तेव्हा मी बारा वर्षांची होते. सहा महिन्यांत माझी खोली तुमची झाली आणि मला वसतिगृहात घातलं. आईने कोणाला जवळ घेतलं नाही म्हणता? मला घेत होती. बारा वर्षं. मग महिन्यातून एक रविवार. आता ती मला हाक मारते आणि ओ तुम्ही देता. टपाल माझं होतं, तुम्ही फोडलंत, आणि वर मलाच चोर ठरवता?

आभाराच्या यादीत तुमचा उल्लेख आहे, 'सौजन्य' म्हणून. त्यापेक्षा जास्त मला या वेळी जमत नाही.

सही करायची तर करा. मी दादालाही फोन केला आहे.

धाकटी

४ सप्टेंबर

धाकटे,

'तुम्ही' म्हणालीस. मला आत्ता मोठं केल्यासारखं वाटलं.

खोलीचं म्हणशील तर मी मागितली नव्हती. तुला पाठवायचं आईंनी ठरवलं आणि तू निघालीस तेव्हा त्या दिवसभर जेवल्या नाहीत. हे मी तुला आजवर सांगितलं नाही ही माझी चूक. आता सांगितलंय, तर तेही कुठल्यातरी मिनिटात घालशील.

सही केली आहे, कागद सोबत आहेत. मनापासून केली म्हणून देवाला खोटं सांगणार नाही. तुझे दादा जेवत होते. म्हणाले, "हातच तर आहेत ना? हातांना काय नाव असतं? घरातलं घरात ठेव, पोरीचं नुकसान करू नकोस." मी वाढत होते. हात पुसले आणि सही केली.

आता कामाचं. आईंचं खाणं चार दिवस जवळजवळ बंद आहे. दोन चमचे जातात, तिसरा बाहेर येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दिवस मोजायचे. हाका तुझ्याच चालू आहेत. मी ओ देणं बंद केलंय, म्हणजे तू पुन्हा तसं म्हणायला नको. त्या हाक मारतात आणि दाराकडे बघत राहतात.

महोत्सवाच्या आधी ये. एक दिवस ये. बस रात्रभराची आहे, मला वेळापत्रक पाठ आहे.

वहिनी

२१ सप्टेंबर

वहिनी,

काल झालं. दुसरं बक्षीस मिळालं. दादाला फोनवर सांगितलं, पण तुला लिहावंसं वाटलं.

यायचं ठरवलं होतं गं. पण पडद्याच्या प्रतीत आवाज मागेपुढे होत होता, तो जुळवण्यात आठ दिवस गेले. खरं सांगू, भीतीही वाटत होती. आईची नाही, तुझी.

सिनेमा संपल्यावर आम्हाला पुढे बोलावतात, लोक प्रश्न विचारतात. माझ्या वेळी सगळे डोळे पुसत होते. मग पहिल्या रांगेतल्या एक वयस्क बाई उठल्या. त्या पण अनेक वर्षं आईचं करत होत्या म्हणे. जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला तुझे हात बघू दे, बाळा." मी हात खिशात घातले. म्हटलं, "गार पडलेत." सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, लाजले. त्या बाई हसल्या नाहीत. थोडा वेळ बघत राहिल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. रात्रभर मला त्यांचा चेहरा दिसत होता.

अनुदानवाल्यांनी गुरुवारी भेटायला बोलावलंय. ती भेट झाली की त्याच संध्याकाळच्या बसने निघते. शुक्रवारी सकाळी घरी. तोवर आईला सांभाळ. तू ओ देत जा, वहिनी. मी रागाने बोलले होते.

धाकटी

३० ऑक्टोबर

वहिनी,

आईला जाऊन महिना होऊन गेला. बुधवारी ती गेली आणि मी शुक्रवारी पोचले. तीन दिवस मी घरात होते आणि तू माझ्याशी 'चहा घे' आणि 'पाणी तापलंय' यापलीकडे बोलली नाहीस. माझा राग करायचा तुला हक्क आहे. मी आज त्यावर काही बोलत नाही.

अनुदानाच्या शेवटच्या सहा जणांत माझं नाव आलंय. सिनेमा आईवरच आहे, पूर्ण लांबीचा. पंधरा नोव्हेंबरपर्यंत पूर्ण कथा द्यायची आहे, आणि शेवट माझ्याकडे नाही. दादा कामावर होता. आईजवळ त्या दुपारी फक्त तू होतीस. ती काय बोलली? कोणाला हाक मारली? तू काय केलंस? तू जसं लिहितेस तसं लिही, मी एक शब्द बदलणार नाही.

या वेळी सौजन्य नाही. 'सहलेखिका' म्हणून तुझं नाव पडद्यावर, माझ्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात. मी लेखी द्यायला तयार आहे. आणि खरंच सांगते, हे फक्त अर्जासाठी विचारत नाही. मला कळायला हवं.

धाकटी

८ नोव्हेंबर

धाकटे,

देव तुझं भलं करो. हे मी रागात म्हणत नाही, सवयीने म्हणते आहे, आणि सवयच आता खरी आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आईंचा पलंग पुसत होते. उद्या तो घेऊन जायला एक कुटुंब येणार आहे. त्यांच्या आजोबांना लागणार आहे. आडवी चादर कशी घालायची ते मी त्यांच्या सुनेला शिकवणार आहे. परवा पलंग बघायला आली तेव्हा ती नुसती मान हलवत होती.

तू विचारलंस म्हणून एवढं सांगते. त्या दुपारी आई वीसेक मिनिटं बोलल्या. बरळल्या नाहीत, दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या इतकं नीट बोलल्या. माझा हात हातात होता. समोर सून आहे हे ओळखून बोलल्या, की धाकटी आली असं समजून बोलल्या, ते मला पक्कं माहीत आहे. त्यांनी एक निरोपही दिला. कोणासाठी, तेही माहीत आहे.

मी ते लिहिणार नाही. तुला नाही आणि तुझ्या दादांनाही नाही. हे पाप असेल तर वर जाऊन झाडा देईन. तुला कळायला हवं म्हणतेस, आणि मला तुझं खरं वाटतं, पण कळलं की तू ते कापशील, जुळवशील, उलटं करशील. तू वाईट आहेस म्हणून नाही. तुला आता तेवढंच येतं म्हणून. आणि कोणास ठाऊक, मला दिलेलं मी स्वतःजवळ ठेवून घ्यावं एवढी मीही वाईट असेन. अकरा वर्षांत या घरातलं काहीएक माझं म्हणून मी अडवून धरलं नाही. हे धरते.

माझं नाव कुठल्याच आकाराच्या अक्षरात घालू नकोस.

अर्जाला शेवट लागतो ना? मग लिही की शेवटी मुलगी तिथे नव्हती. अनुदानाच्या भेटीसाठी थांबली होती. आई दाराकडे बघत होती. ते खरं आहे, ते तू स्वतः जगली आहेस, आणि त्याला कोणाची सही लागणार नाही.

वहिनी